पिंजाऱ्याची बिननावाची लेक

कोणे एके काळी, म्हणजे मुलांनो, तुमच्या आजोबांचे आजोबाही रांगत नव्हते तेव्हा, एका गावात एक पिंजारी राहत होता. तो दिवसभर कापूस पिंजायचा आणि लोकांच्या गाद्या भरून द्यायचा. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली, आणि मग कुठे त्याच्या घरी पाळणा हलला. मुलगी झाली. पिंजाऱ्याला इतका आनंद झाला, की त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या गादीत त्यानं दुप्पट कापूस भरला.

तिथल्या मुसलमानांची एक रीत होती. बाळ सात दिवसांचं झालं की अल्लाचे आभार म्हणून बकरं कुर्बान करायचं, मांस आप्तांना आणि गोरगरिबांना वाटायचं, बाळाचं जावळ काढायचं आणि नाव ठेवायचं. याला अकीका म्हणत.

मुलीसाठी एकच बकरं पुरतं. पण पिंजाऱ्याच्या थोरल्या भावानं आपल्या मुलाच्या अकीक्याला अख्खं गाव जेवू घातलं होतं.

"माझ्या लेकीचंही तसंच होईल," पिंजारी म्हणाला. "तोवर अकीका नाही. आणि अकीका नाही, तर नावही नाही."

बायको म्हणाली, "अहो, अंथरूण पाहून पाय पसरावेत. गाद्या भरणाऱ्याला हे मी सांगायचं का?"

पण पिंजारी हटून बसला. कापसाचे हंगाम आले नि गेले. मुलगी चालू लागली, बोलू लागली. सगळे तिला नुसतं बाळ म्हणत.

एकदा नदीकाठी उरूस भरला. पिंजारी बायकोला आणि लेकीला घेऊन गेला. बांगड्या भरून घेताना आईनं मुलीचा हात सोडला, आणि तेवढ्यात ती गर्दीत दिसेनाशी झाली. नदीला भरपूर पाणी होतं.

"बाळा! ए बाळा!" पिंजारी हाका मारत सुटला. उरसातली निम्मी पोरं मागं वळली. कुणाचं लेकरू बाळ नसतं? त्याची तेवढी सापडेना.

दवंडीवाला म्हणाला, "मी पुकारतो. नाव काय सांगू?"

पिंजाऱ्याकडे सांगायला नावच नव्हतं.

त्याची बायको मात्र नदीकडे धावली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "मुनीरा! अगं मुनीरा!"

"अम्मी!"

काठावरच्या होडीमागून मुलगी बाहेर आली. तिच्यापुढे पाणी हातभरच दूर होतं.

पिंजाऱ्यानं तिला छातीशी धरलं आणि तो ढसाढसा रडला. मग बायकोला म्हणाला, "हे नाव कुठून आणलंस?"

"पाजताना, न्हाऊ घालताना रोज तिच्या कानात सांगत होते. तुम्हाला सांगायची भीती वाटली."

हे ऐकून पिंजाऱ्याची मान खाली गेली. गर्दीत म्हातारे मुलाणीचाचा उभे होते. गावातली प्रत्येक कुर्बानी त्यांच्याच हातून व्हायची. ते जवळ आले.

"बेटा, अकीका म्हणजे शुक्राना, अल्लाचे आभार; दंड नव्हे. ऐपत असेल त्यानं करावा. उशीर झाला तर नंतर करावा. नाहीच जमला, तर अल्ला ते मनात धरून बसत नाही. पण नाव हा लेकराचा हक्क आहे. तो तू गावजेवणासाठी अडवून धरलास."

पुढच्या जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, पिंजाऱ्यानं एकच बकरं आणलं. मुलाणीचाचांनी बिस्मिल्ला म्हणून ते कुर्बान केलं. गाव काही जेवलं नाही, पण गल्लीतल्या एकाही गरिबाची चूल त्या दिवशी मटणावाचून राहिली नाही. वाटे घेऊन पिंजारी स्वतः दारोदार फिरला. कडेवर लेक होती, आणि कुणी विचारो न विचारो, प्रत्येक उंबऱ्यावर तो आधी तिचं नाव सांगत होता.

तात्पर्य: देवाचे आभार ऐपतीप्रमाणे मानावेत, आपल्या मोठेपणापायी लेकराचा हक्क अडवू नये.