पालथी कढई

फार फार मागे, आपल्या पणजीच्या पणजीलाही सांगता येणार नाही इतक्या मागे, समुद्राकाठी एक बंदर होतं. लहानथोरांनो, तिथली ही गोष्ट. मन शांत ठेवून ऐका.

त्या बंदरावर तळलेल्या मासळीचं एक जुनं दुकान होतं. दुकान कसलं, चार खांब, वर झावळ्या, समोर दोन बाकडी. पण दर्यावरून दमून आलेला माणूस आधी तिथं टेके, मग घरी जाई. तांदळाच्या पिठात घोळवलेली मासळी मोठ्या कढईत सर्वांच्या डोळ्यांदेखत पडे. शेजारी लहान कढईत बटाट्याच्या काचऱ्या तळल्या जात. मग दोन्ही केळीच्या पानावर, वर मीठ आणि कोकमाच्या आगळाचा शिपका. शेजारीच नवी खानावळ निघाली होती, पितळी ताटांची, गाद्यागिरद्यांची. तरी रांग लागे ती या बाकड्यांपाशीच.

त्याला कारण होतं. हे दुकान सासू-सून चालवत, आणि सासूबाईंनी एक नेम धरला होता. आजची मासळी आजच तळायची. ताजी मिळाली नाही, तर त्या दिवशी मोठी कढई दारात पालथी घालायची. लोक लांबूनच बघत. कढई पालथी असली की म्हणत, "चला, आज नुसत्या काचऱ्या." आणि काचऱ्या खाऊन हसतमुखानं घरी जात.

सासूबाई देवाघरी गेल्या. जाताना सुनेचा हात धरून म्हणाल्या, "मुली, दुकान बुडालं तर बुडू दे, नेम बुडवू नकोस." सुनेनं मान डोलावली. पण ती होती भित्री. दार वाजलं तरी दचकायची.

एका संध्याकाळी दुकानापुढं घोडा थांबला. राजाचा शिपाई उतरला.

"उद्या दुपारी महाराज इथं मासळी खाणार. सहा महिने त्यांच्या पोटात अन्न ठरत नाही. इथल्या तळणाची कीर्ती ऐकून येताहेत. रिकाम्या पोटी परत गेले, तर तुझ्या नवऱ्याची मान धडावर राहायची नाही. समजलं?"

सुनेनं हात जोडले.

आणि त्याच रात्री वारा सुटला. सकाळी बघते तर समुद्र नुसता उसळतोय, एकही होडी पाण्यात नाही. घरात कालच्या दोन सुरमया तेवढ्या शिल्लक. तिनं कल्ला उचलून पाहिला. ताज्या मासळीचा कल्ला लाल असतो, हा विटकरी झाला होता.

"अहो, ही मासळी नाही चालायची."

"कालचीच आहे गं, मागच्या जन्मातली नाही," नवरा म्हणाला. "लसूण जास्त वाट, चिंचेचा कोळ लाव. राजाला काय कळतंय? तो काय कोळी आहे?"

"मला कळतंय ना."

"मग सांग, तुला तुझा नेम हवा की माझी मान?"

डोळ्यांतलं पाणी पुसत तिनं मासळीला हळद लावली, लसूण लावला. मोठी कढई सुलटी करून चुलीवर ठेवली.

तेवढ्यात म्हातारे तांडेलबाबा आले. सारा जन्म त्यांनी होडी हाकली होती. सोबत त्यांची गरोदर नात होती. बाबा बाकड्यावर बसले आणि कढईकडं बघून खूश झाले.

"सूनबाई, दोन पानं वाढ. नातीला सकाळपासून मासळीचे डोहाळे लागलेत, माझं डोकं खाल्लंय नुसतं!"

"बाबा, आज होड्या गेल्याच कुठं?" ती कशीबशी म्हणाली.

"नाही गेल्या. मी पहाटेपासून किनाऱ्यावरच आहे, एक होडी हलली नाही. पण तुझी कढई सुलटी आहे ना? म्हणजे तू कुठून तरी ताजी आणली असणार. माझे डोळे आता म्हातारे झाले, पण या घरची कढई कधी खोटं बोलायची नाही."

सून जागच्या जागी गारठली. राजाचं भय नवऱ्याच्या मानेपुरतं होतं, बाबांच्या विश्वासाला तडा जायचं हे भय थेट काळजात शिरलं. तिला ती पोटुशी पोर दिसली, पान धरायला पुढं आलेला तिचा हात दिसला. तिनं चुलीवरची कढई तेल न घालताच उतरवली आणि सर्वांदेखत दारात पालथी घातली.

"बाबा, चूक झाली माझी. मासळी ताजी नाही."

"अगं, काय केलंस हे!" म्हणत नवरा मटकन खाली बसला.

आणि समोरून राजाची स्वारी आली. राजा वाळलेला, डोळे खोल गेलेले. म्हणाला, "वाढा."

"महाराज, आज मासळी नाही."

शिपायाचा हात तलवारीवर गेला. सुनेनं खांब घट्ट धरला.

"घरात मुळीच नाही?" राजानं विचारलं.

"आहे. कालची आहे. मसाला लावून ठेवली होती."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी, महाराज. तुमच्या भीतीनं."

राजा हळूच म्हणाला, "माझ्या मुदपाकखान्यात तर सगळेच मला भितात. तिथं मला कधीच कुणी 'आज नाही' म्हटलेलं नाही. बाई, सहा महिने मी काय काय शिळं खाल्लं असेन?"

राजा तांडेलबाबांशेजारी बाकड्यावर टेकला आणि काचऱ्या मागितल्या. सुनेनं थरथरत्या हातानं लहान कढईतून काचऱ्या काढल्या. राजानं एक खाल्ली, दुसरी खाल्ली, सगळं पान संपवलं. अन्न पोटात ठरलं.

परत गेल्यावर राजानं हुकूम काढला, 'जे नसेल ते नाही म्हणून सांगावं. सांगणाऱ्याला शिक्षा नाही.' महिन्याभरात त्याची प्रकृती सुधारली. दर्या शांत झाल्यावर तो पुन्हा आला, रांगेत उभा राहिला आणि ताजी मासळी खाऊन गेला.

सुनेची भीती काही गेली नाही हो. दार वाजलं की ती पुढंही दचकायचीच. पण चुलीपुढं बसली की तिचा हात कापत नसे.

म्हणून सांगते, भीती वाटली तरी घेतला नेम सोडू नये, आणि विश्वासानं पुढं आलेल्या हातावर खरं तेच वाढावं.