दादऱ्यातला पाहुणा

त्या राज्यात सूर्य कधी उगवला नव्हता. तरी ऊब बारमाही होती आणि उपाशी कोणी नव्हते. राज्याच्या उजव्या अंगाला, मोठमोठ्या कमानींच्या आडोशाला, तपकिरी बरण्यांची एक वसाहत होती. बरण्या एकमेकींना खेटून ओळीने उभ्या असत आणि त्यांच्या दारावरून तांबडी नदी आपल्या तांबड्या होड्या घेऊन संथ वाहत असे. नदी जे आणील ते बरण्यांनी घ्यायचे. गोड असेल ते अडीअडचणीसाठी साठवायचे, कडू असेल ते मोडून निवळ करायचे आणि नदीला पुढे जाऊ द्यायचे. हे काम त्या इतक्या निगुतीने करीत की बाकीच्या प्रांतांना अशी वसाहत आहे याचा विसरच पडला होता.

प्रत्येक बरणीच्या तोंडावर तिने स्वतः विणलेला दादरा, म्हणजे तोंड झाकायचे कापड, ताणलेला असे. वसाहतीचा पहिला रिवाज असा, की पोटात जे जे असेल त्याची एकेक चिंधी गळ्यापाशी बाहेर टांगायची. काठच्या गल्लीतून पहारेकरी फिरत. त्यांना डोळे नव्हते. ते चिंध्या बोटांनी चाचपून पाहत. परकी चिंधी हाताला लागली, तर ती बरणी जागच्या जागी फोडण्याचा त्यांना अधिकार होता. दुसरा रिवाज असा, की आपल्याच दादऱ्याच्या कापडात बांधलेली पुरचुंडी उघडून पाहायची नाही आणि तिची चिंधीही लावायची नाही. आपल्या कापडात परके ते काय असणार?

येसूअक्का नावाची एक पोक्त बरणी या दोन्ही रिवाजांना जिवापलीकडे जपणारी होती. तिच्या चिंध्या नेहमी धुतलेल्या आणि ओळीने लावलेल्या असत. शेजारची अनसूया तशी नव्हती. ती हसरी, बोलघेवडी आणि चिंध्या लावण्यात अंमळ गबाळी होती. अक्का तिला शिस्त शिकवीत आणि अनसूया ती ऐकल्यासारखे करी.

एके दिवशी राज्याच्या सीमेला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले आणि त्यातून कोयत्यासारखे बाकदार, सडपातळ असे काही परके आत आले. नदीच्या घाटावर खादाड राखणदार बसत. भेटेल तो परका गिळायचा एवढेच त्यांना ठाऊक. हे परके मात्र त्यांच्या बगलेतूनच, नमस्कारचमत्कार करीत, पलीकडे निघून गेले.

त्यांपैकी एक येसूअक्कांच्या दाराशी आला. त्याने दादरा फाडला नाही, गाठही सोडली नाही. तो दादऱ्यावर नुसता रेलला. कापड त्याच्याभोवती सैल पडत आत गेले, वरून मिटले, त्याला आत घेऊन त्याची पुरचुंडी झाली आणि ती अलगद तुटून अक्कांच्या पोटात उतरली. तोंडावरचा दादरा पूर्वीसारखा सपाट झाला.

अक्कांना पुरचुंडी जाणवली तेव्हा त्यांनी वीण पाहिली, काठ पाहिला. दोन्ही त्यांचेच होते. कधीतरी आपणच बांधून ठेवली असेल, असे त्यांनी मनाशी ठरवले. विसरणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. परंतु स्वतःच्या कापडावर संशय घेणे हा तर मुळीच नव्हता.

पुरचुंडी वाढू लागली. साठवणीतले गोड भराभर संपू लागले. अक्का ताठ उभ्या होत्या, पण त्यांचे अंग दोन्ही बाजूंनी तटतटले आणि अनसूयेला टेकले.

“अक्का, हल्ली अंगाने भरलात,” अनसूया म्हणाली. “एकट्याने काय साठवताय, आम्हाला वासही न देता?”

“माझ्याच कापडाची पुरचुंडी आहे ती. परक्यांच्या गाठोड्यात डोकवायची आमच्याकडे रीत नाही.”

“परक्यांच्या नका डोकवू. आपल्या तरी डोकवा.”

 ते बोलणे अक्कांना कुसळासारखे टोचत राहिले. अखेर, आपण काही उघडत तर नाही, अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी पुरचुंडीला कान लावला.

आत शेकडो आवाज कुजबुजत होते आणि सगळे एकाच गळ्यातून निघाल्यासारखे होते. कापड फाटताच बाहेर पडायचे, नदीतली एकेक तांबडी होडी प्रत्येकाने धरायची, ती पोखरून पुढची धरायची, म्हणजे सारे राज्य थरथर कापेल आणि मग भट्टीसारखे पेटेल, असा त्यांचा बेत चालला होता.

अक्कांपुढे दोनच वाटा होत्या. गप्प बसावे तर राज्य पेटणार. चिंधी टांगावी तर पहारेकरी फोडणार. आणि या दोहोंपेक्षाही त्यांना जड वाटत होते ते अनसूयेपाशी चूक कबूल करणे. त्यांनी अवघडापासूनच सुरुवात केली.

“अनसूये, तुझे खरे होते. माझ्या पोटात चोर आहे, आणि तो माझेच कापड पांघरून बसला आहे. सगळ्यांना सांग, दादरे आवळून घ्या.”

अनसूयेने ‘मी म्हटले नव्हते का’ असे म्हटले नाही. ही तिची त्या दिवसाची खरी कमाई. तिने काठाने पलीकडच्या बरणीला टिचकी दिली, तिने पुढचीला, आणि किणकिण साऱ्या ओळीभर धावली. दादरे आवळले गेले. तीच किणकिण फिरून अक्कांकडे आली, तेव्हा त्यांच्या तळाशी ठेवलेल्या जहाल आंबटाच्या कुपीचे बूच त्या हादऱ्याने सैल झाले. हे आंबट जीर्ण, टाकाऊ वस्तू विरघळवण्यासाठी असे. टाकाऊ वस्तूला आधी दोऱ्याचे टाके घालायचे, म्हणजे आंबटाला वाट कळते. स्वतःच्या धडधाकट कापडाला असा टाका आजवर कोणत्याही बरणीने घातला नव्हता.

अक्कांनी तो घातला. हळूहळू हाताला वळण बसले आणि टाके इतके सारखे पडले की भरतकामात शोभावेत. त्यांनी आंबट ओतले. मग पुरचुंडीच्या फाटक्या कडेतून परक्याच्या अंगाचा एक धागा ओढून घेतला आणि तोच चिंधी म्हणून नीट, ओळीत, गळ्यापाशी टांगला.

हैबतराव नावाचा पहारेकरी त्याच गल्लीत होता. त्याची बोटे त्या धाग्यावर थांबली. त्याने खांद्यावरचा घण खाली घेतला.

“अक्का, नियम ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे म्हणूनच टांगली. पण घण उचलण्याआधी पोटाशी कान लावा. कामाची अशी घाई बरी नव्हे.”

हैबतरावाला आजवर कोणत्याही बरणीने दटावले नव्हते. तो निमूट वाकला. आत कुजबूज होती, फसफस होती. कुजबूज विरत गेली, फसफस वाढली.  शेवटी एकच आवाज उरला. तो काहीतरी मागत होता. मग तोही निवला.

हैबतरावाने घण पुन्हा खांद्यावर घेतला. पलीकडच्या ओळीत एका बरणीला आपल्याही पोटात चोर असल्याचे फार उशिरा कळले होते. तिने स्वतःच पहारेकऱ्यांना हाक मारली आणि शांतपणे स्वतःला फोडून घेतले. तिच्या जागी शेजारणींनी अंग चोरून वाट केली आणि तिथे एक नवी, ओल्या मातीची बरणी घडू लागली होती.

“आता जे पोटात नाही, ते दारात नको,” म्हणून अक्कांनी तो धागा सोडून हैबतरावाच्या हाती दिला. तो त्याने बोटाला गुंडाळला आणि पुढे ओळख पटावी म्हणून गल्लीतल्या एकेका पहारेकऱ्याला चाचपायला दिला.

“अक्का, पुरचुंडीपायी कापड गेले हो,” अनसूया म्हणाली. “दादरा आखूड पडला. माझ्याकडचे थोडे सूत देऊ? विणीत मात्र गाठी आहेत.”

“दे,” अक्का म्हणाल्या. “गाठी मी सोडवीन.”

इतक्यात सारी वसाहत गदगदा हलली. बरण्यांवर बरण्या आपटून किणकिणल्या, नदी उसळून धावली आणि पहारेकऱ्यांनी काठ घट्ट धरला.

राज्याच्या बाहेर ऊन पडले होते. भातखाचराच्या बांधावर न्याहारीला बसलेल्या दोघी बायकांपैकी एक, दुसरीच्या कसल्याशा चावट बोलण्यावर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. तिच्या पोटरीवरचा डासाचा ठिपका केव्हाच पुसून गेला होता. “पुरे ग बाई,” म्हणत तिने एक हात उजव्या बरगडीखाली दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने आणखी एक भाकरी पुढे ओढली.