दगडावरची गोधडी

एक होतं गाव, आणि त्या गावाला राजाच नव्हता. हसतोस काय दामू? राजा नसला तरी गाव असतं. गाव नसलं तर राजा बसणार कुठे? पाय आत घे आधी. शकू, तूही नीट पड. हां.

तर त्या गावाचं नाव काही मला आठवत नाही. वय झालं माझं. पण त्याच्या वर, डोंगराकडे, दुसरं एक गाव होतं. तिथे राजा होता. राजाचा मुलगा राजा, त्याचा मुलगा राजा, मग तो शहाणा असो नाहीतर शेंबडा असो. खालच्या अंगाला तिसरं गाव होतं. तिथे सात श्रीमंत माणसं माडीवर बसून सगळं ठरवायची. काय ठरलं ते बाकीच्यांना दवंडी पिटल्यावर कळायचं. आणि मधल्या या गावात होता एक दगड.

चिंचेच्या झाडाखाली, काळा, गुळगुळीत. दर पाडव्याला सगळं गाव तिथे जमायचं. हात वर करून एकाला निवडायचं आणि त्या दगडावर बसवायचं. मग त्यानं वर्षभर गावाचं पाहायचं. पाटाचं पाणी कुणाला कधी द्यायचं, कुणाचं भांडण कसं मिटवायचं, सगळं त्यानं. आणि आता गंमत ऐका. पुढचा पाडवा आला की तो दगड तापायचा. उन्हानं नाही, बरं का. गर्द सावली होती तिथे. आपला आपण तापायचा, तव्यासारखा. मग बसलेला माणूस टुणकन उठायचा, सगळे खो खो हसायचे, आणि दुसऱ्याला बसवायचे. माणूस चांगला असो, वाईट असो, दगड सगळ्यांना उठवायचा. कुणाला वाईटपणा घ्यावा लागायचा नाही.

एका पाडव्याला गावानं गोदाला बसवलं. गोदा साधीच बाई, पण मोठी न्यायाची. तिची एक मैत्रीण होती, येसू. परकर-पोलक्यापासूनची मैत्री. येसू गोधड्या शिवायची, आणि तिचं शेत होतं पाटाच्या अगदी शेवटाला. वरच्यांनी पाणी घेऊन उरलं तर तिला, नाहीतर नाही.

मग गोदानं काय केलं? ती रोज संध्याकाळी दगडावरून उठायची आणि पाटाच्या काठाकाठानं थेट शेवटापर्यंत चालत जायची. शेवटचं शेत ओलं झालेलं डोळ्यांनी पाहायची, मगच घरी जाऊन भाकरी खायची. त्या वर्षी येसूच्या शेतात पहिल्यांदा भात झाला. तिनं तो भात शिजवला, पहिला घास गोदाला भरवला आणि रडली.

मग आला पाडवा. दगड तापला. गोदा उठू लागली. सगळं गाव म्हणालं, "नको गं, बस. तुझ्यासारखं कोण आहे?" गोदा म्हणाली, "अरे, चटके बसताहेत मला!" तेव्हा येसूला एक युक्ती सुचली. मेली ती युक्ती! येसूनं घराघरातून एकेक तुकडा मागितला. कुणी लुगड्याचा दिला, कुणी धोतराचा, कुणी बाळाच्या टोपड्याचा. सगळ्यांनी हसत दिला. येसूनं त्याची गोधडी शिवली, एकाच लांब दोऱ्यानं, कडेपासून फिरत फिरत मध्यापर्यंत. शेवटची गाठ मधोमध मारली आणि गोधडी दगडावर घातली.

गोदा म्हणाली, "येसू, मला हे बरं नाही वाटत. दगड ऊठ म्हणतोय, तर उठू दे ना मला."

येसू म्हणाली, "बस गं बाई. माझ्यासाठी बस."

आणि गोदा बसली. मैत्रिणीचं मन मोडवेना तिला.

दुसरा पाडवा आला. गोधडीतूनही ऊब वर आली. गोदा उठली नाही. नुसती म्हणाली, "जरा चटका लागतोय गं." मग येसूनं त्याच गाठीला दोरा जोडून दुसरा थर चढवला. या खेपेला तुकडे मागायला घरोघर फिरावं लागलं. लोकांनी दिले, पण आधी शोधाशोध केली.

तिसऱ्या पाडव्याला गोदानंच निरोप पाठवला. "येसूला म्हणावं, अजून जाड कर." तुकडे आणायला माणसं गेली. एका म्हातारीनं अंगावरचं पांघरूण फाडून दिलं. येसूनं तिसरा थर शिवला. शिवताना तिला वाटलं, आपण हे काय करतोय? पण तिनं सुई थांबवली नाही. तेव्हा थांबवायला हवी होती, बाळांनो. हे ती पुढे जन्मभर म्हणत राहिली.

आता गोदा काही राक्षसीण नाही झाली हो. तसं समजू नका. पण मऊ मऊ गोधडीवर बसलं की उठवत नाही. पाटाकाठी जाणं आधी एक दिवस चुकलं, मग चार दिवस, मग बंदच झालं. जवळ बसणारे सांगायचे, "पाणी शेवटापर्यंत पोचतंय, बाई." ती म्हणायची, "बरं झालं." आणि जवळ बसणाऱ्यांचीच शेतं पाटाच्या तोंडाशी होती. शेवटाला पाण्याचा थेंब येईना. येसूची रोपं आधी पिवळी पडली, मग करपली. भाताचं शेत पुन्हा माळ झालं.

तिघं सांगायला गेली. कुंभार गेला, गुरव गेला, ती पांघरूण देणारी म्हातारीही गेली. गोदा तिघांना एकच म्हणाली, "मी कुठे हट्ट धरलाय? दगड तापला की उठेन. आणि बसवलंत तर तुम्हीच." खोटं नव्हतं ते. येसूच्या कानावर आलं आणि तिच्या काळजाला झोंबलं.

मग चौथा पाडवा आला. येसूनं कात्री घेतली आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, चिंचेखाली गेली. पण गाठ होती मधोमध, नेमकी गोदाच्या खाली. येसू म्हणाली, "जरा बाजूला हो, गोधडीचं काम आहे." गोदाला वाटलं, चौथा थर घालणार. ती आनंदानं उठली. येसू खोटं बोलली नाही, पण खरंही बोलली नाही. याचंही तिला वाईटच वाटायचं.

येसूनं गाठ कापली. दोरा ओढला. तीन वर्षांची गोधडी सरसर उसवली, आणि तुकडेच तुकडे झाले. जो तो आपापला तुकडा ओळखून उचलू लागला.

गोदाचा चेहरा उतरला. पण ती म्हणाली, "ठीक आहे. दगड म्हणेल ते खरं. तापला तर आत्ता उठते." आणि उघड्या दगडावर बसली.

एक घटका गेली. दोन घटका गेल्या. गोदानं दगडावर हात फिरवला आणि म्हणाली, "येसू, हा तापत नाही गं. गार पडलाय."

तीन वर्षं त्याचं कुणी ऐकलं नाही. त्यानं बोलणंच सोडलं.

आता काय करायचं? दगड उठवत नाही, म्हणजे गोदा जन्मभर बसणार. येसूनं पाहिलं, गोदाच्या केसांत पांढरं आलंय. तिला भाताचा तो पहिला घास आठवला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि तशीच ती म्हणाली, "गोदे, ऊठ."

मग कुंभार म्हणाला, ऊठ. गुरव म्हणाला, ऊठ. म्हातारी म्हणाली, ऊठ गं बाई. मग सगळं गाव म्हणालं.

गोदा उठली. येसूजवळ आली आणि हळूच म्हणाली, "हे पहिल्याच पाडव्याला का नाही म्हणालीस? तेव्हा तर मी उठतच होते."

येसूनं नुसता तिचा हात धरला.

मग पुढे सगळं नीट झालं. गावानं दुसऱ्याला बसवलं, पाटाच्या शेवटापर्यंत पाणी आलं, शेवटच्या शेतात पुन्हा भात डोलला. गोदा आणि येसू पुन्हा एका ताटात जेवायला लागल्या आणि संध्याकाळी दोघी मिळून पाटाकाठी फिरायच्या. फक्त तो दगड पुन्हा तापला नाही. येसू म्हातारी झाली, काठी आली हातात, तरी दर पाडव्याला जाऊन दगडावर तळवा ठेवून बघायची. गारच. म्हणून त्या गावात आता दर पाडव्याला माणसांनाच जमून म्हणावं लागतं, ऊठ. वाईट माणसाला म्हणायला भीती वाटते. आणि चांगल्याला म्हणायचं तर जीव तुटतो.

झाली गोष्ट. आता मी केव्हाची बसलेय तुमच्या अंथरुणावर. म्हणा मला, आजी, ऊठ. का रे दामू, गप्प का? मी आवडते म्हणून? येसूचंही तेच झालं होतं, बाळा. शकू, तू म्हण बघू. मोठ्यानं. हां, अस्सं.

ही बघा, उठले मी. झोपा आता.