टिल्ली खार आणि गंजकी शेगडी

या, मांडीवर बसा. हलायचं नाही. सांगते.

घाटाच्या वळणावर गोदूमावशीची स्टीलची शेगडी. मावशी तिच्यावर कणसं भाजायची. पहिला भाजका दाणा रोज टिल्ली खारीला द्यायची. टिल्ली तो पिल्लाला न्यायची. पिल्लाचे दात इवले इवले. कच्चा दाणा त्याला चावायचाच नाही.

आज शेगडी थंड. दाणा नाही. पिल्लू उपाशी.

"मावशी, मावशी, कणीस भाज ना."

"कशी भाजू गं? शेगडीला गंज चढलाय. आणि म्हणे स्टीलला गंज चढत नाही. शेगडी चमकेल, तर मी भाजेन."

टिल्ली गेली शेगडीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"शेगडीबाई, शेगडीबाई, चमक ना. मावशी भाजेना, पिल्लाला दाणा मिळेना."

"शेंडी घासेल, तर मी चमकेन."

टिल्ली गेली नारळाच्या शेंडीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"शेंडीताई, शेंडीताई, घास ना. शेगडी चमकेना, मावशी भाजेना, पिल्लाला दाणा मिळेना."

"कोरडी घासू? ओरखडे उठतील. रिठा फेस देईल, तर मी घासेन."

टिल्ली गेली रिठ्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"रिठादादा, रिठादादा, फेस दे ना. शेंडी घासेना, शेगडी चमकेना, मावशी भाजेना, पिल्लाला दाणा मिळेना."

"पाणी भिजवेल, तर मी फेस देईन."

टिल्ली गेली कळशीतल्या पाण्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"पाणीभाऊ, पाणीभाऊ, भिजव ना. रिठा फेस देईना, शेंडी घासेना, शेगडी चमकेना, मावशी भाजेना, पिल्लाला दाणा मिळेना."

पाणी कळशीत डचमळलं. मग म्हणालं, "काल कणसाचं मीठ-लिंबू शेगडीवर सांडलं. मावशीनं वर मला ओतलं. पुसलं नाही, तशीच गेली. म्हणून गंज चढला. मला फार वाईट वाटलं. फडकं पुसेल, तर मी भिजवेन."

टिल्ली गेली फडक्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"फडकूमामा, फडकूमामा, पुस ना. पाणी भिजवेना, रिठा फेस देईना, शेंडी घासेना, शेगडी चमकेना, मावशी भाजेना, पिल्लाला दाणा मिळेना."

"पुसेन की. पण मला हात कुठे आहेत? मावशी उचलेल, तर मी पुसेन."

आणि फडकं होतं कुठे? मावशीच्याच खांद्यावर.

टिल्लीनं मावशीकडे पाहिलं. मावशीनं खांद्यावरच्या फडक्याकडे पाहिलं.

"चुकलं गं माझं," ती म्हणाली. "घाईत निघून गेले."

मावशीनं फडकं उचललं. पाण्यानं भिजवलं, छळछळ. रिठ्यानं फेस दिला, बुडबुड. शेंडीनं घासलं, खसखस. फडक्यानं कोपरान् कोपरा पुसला. मावशीनं वर तेलाचं बोट फिरवलं. शेगडी चमकली. कणीस भाजलं, तडतड तडतड.

मावशीनं टिल्लीपुढे दाणे ठेवले. आज दोन.

"हा पिल्लाचा."

"आणि हा?"

"तुझा. सगळ्यांकडे फिरलीस. स्वतः कधी खाल्लास का गं एक तरी?"

पिल्लानं खाल्ला, कुरुम. टिल्लीनं खाल्ला, कुरुम.

संध्याकाळी मावशीनं शेगडी कोरडी पुसली, झाकून ठेवली. आपणही आता गोष्ट झाकून ठेवू.