सरकारांच्या लाँचचा विमा

"अकरा रुपयांत आमच्या लाँचचा विमा उतरवून आण! नाहीतर बिऱ्हाड उचल आणि संस्थानाबाहेर चालता हो!"

शिरवली संस्थानचे राजे रंगराव सरकार गरजले आणि लाँचवरचा धाकू तांडेल उभ्या उभ्या सुकला.

खरं तर विमा कशाशी खातात हे चार दिवसांपूर्वीपर्यंत सरकारांनाही ठाऊक नव्हतं. शेजारच्या संस्थानात चहाला गेले, तेव्हा तिथले राजे सहज म्हणाले, "आमच्या मोटारलाँचचा विमा आहे हो! वर्षाला बारा रुपये. तुमच्या लाँचचा?"

झालं! सरकारांना चहा कडू लागला. शेजाऱ्याला बारा पडले ना? मग आपल्याला अकराच पडले पाहिजेत!

दिवाणजी विमेवाल्या भिकूशेटकडे जाऊन आले. शेटनं हजार मागितले. "देऊन टाकू सरकार, इभ्रतीचा प्रश्न आहे," असं दिवाणजींनी सुचवून पाहिलं. पण सरकार अकरावरून हलेनात. तेव्हा दिवाणजींनी हात झटकले. "लाँच तांडेलाच्या ताब्यात, तर विमाही त्यानंच आणावा!"

ताब्यात कसली! धाकूकडे लाँच धुण्यापुसण्यापुरती. सुकाणूचं चाक सरकार स्वतः धरत. आणि सरकारांनी चाक धरलं की बंदरातल्या होड्या आपापल्या वाटेनं पळत सुटत. लाँच एकदा धक्क्यावर आदळली. दरबारानं ठरवलं, धक्काच मध्ये आला. पुढं ती खडकावर चढली. दरबारानं ठरवलं, खडकानं आगळीक केली. त्या खडकाला सुरुंग लावायचा हुकूमही सुटला होता. पण तिथवर जायला लाँच कुठं धड होती?

धाकू घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची मुलगी बायजा जाळं विणत होती. सगळं ऐकून तिनं जाळं बाजूला ठेवलं.

"बा, समुद्र तोच, खडक तेच. मग त्यांना बारा आणि आपल्याला हजार का?"

"शेट लुटारू आहे, म्हणून!"

"तर मग त्यानं त्यांनाही लुटलं असतं. थांब, विचारूनच येते."

भिकूशेट पेढीवर पान जुळवत बसले होते. बायजाचा प्रश्न ऐकून त्यांनी आधी दाराबाहेर डोकावून पाहिलं.

"त्यांची लाँच कोण चालवतं, पोरी?"

"त्यांचा तांडेल."

"आणि आपली?"

"सरकार."

"मग? मी बोटीचा विमा उतरवतो, हौसेचा नाही!"

"हे तुम्ही दरबारात का नाही सांगत?"

"सांगू? आणि माझ्या मुंडक्याचा विमा कोण उतरवणार?"

बायजा हसली. "बरं, चाक माझ्या बाच्या हातात असलं तर?"

"धाकूच्या? मग अकरा काय, दहा रुपयांतही उतरवीन!"

"अकराच घ्या शेट. पण बोललात ते फिरवायचं नाही. उद्या माझ्याबरोबर दरबारात चला. बोलेन मी, तुम्ही नुसती मान डोलवा."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. धाकू खांबाआड उभा राहिला. बायजा मात्र पदर खोचून पुढं झाली.

"सरकार, विमा झाला. वादळ, खडक, आग, चोर, सगळं धरून अकरा रुपये!"

सरकार सिंहासनावरून अर्धे उठले. "अकरा? शाब्बास!"

दिवाणजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अट काय आहे ते विचारा, सरकार."

"अट एवढीच," बायजा म्हणाली, "चाक माझ्या बापासारख्या साध्या माणसाच्या हातात असेल, तेव्हाच विमा लागू."

शेटनं डोळे मिटून मान डोलवली.

"आणि आमच्या हातात असेल तेव्हा?" सरकारांचा आवाज चढला.

"तेव्हा विमा कशाला, सरकार? आपल्या हातून लाँच आपटतच नाही! धक्का आडवा येतो, खडक आगळीक करतो. या दरबारानंच तसं ठरवलंय. जे घडणारच नाही त्याचा विमा उतरवणं म्हणजे सरकारांचा अपमान!"

सरकारांनी मान वळवली. "काय हो दिवाणजी, आमच्या हातून लाँच आपटते?"

"छे छे सरकार! भलतंच!"

"मग परवा हजार रुपये कसले देऊन टाकायला निघाला होता?"

दिवाणजींना एकाएकी खोकला आला. तो थांबेचना!

सरकार बायजाकडे वळले. "पोरी, फार शहाणी आहेस! चाक धरलं तर विमा गेला. सोडलं तर आम्हाला लाँच हाकता येत नाही, हे गावभर झालं. करायचं काय आम्ही?"

"सरकार, मिरवणुकीत हत्तीवर आपण कुठं बसता?"

"अंबारीत!"

"आणि मानेवर?"

"माहूत."

"म्हणून कुणी म्हणतं का, की राजाला हत्ती हाकता येत नाही?"

सरकारांनी मिशीवरून हात फिरवला. मग सरकार असे हसले की मंदील डोळ्यांवर आला! सरकार हसले म्हणून दरबार हसला. दिवाणजीही खोकत खोकत हसले.

"धाकू, आजपासून चाक तुझं! आम्ही अंबारीत! आणि या पोरीला तिच्या नावाची नवी होडी बांधून द्या, शिडासकट! भिकूशेट, त्या होडीचा विमा तुम्ही उतरवायचा, फुकट!"

"फुकट?" शेट कळवळले. "सरकार, निदान अकरा तरी?"

"एक पैसाही नाही!" सरकार डोळे पुसत म्हणाले. "अहो, ती होडी आम्ही थोडीच चालवणार आहोत!"