तांब्यावर कोरलेली नगरी

एका राज्यात, डोंगर संपून जिथे सपाटी लागते तिथे, मणिपुष्कर नावाची नगरी होती. राजा वीरकेतूने तिथे उंच वेस, त्याहून उंच घंटामनोरा आणि सर्वांत भव्य नगरसभा बांधली. हे वैभव परराज्यांनीही पाहावे म्हणून त्याने कुमुदा नावाच्या कारागिरणीला बोलावले.

"तिन्ही वास्तू तांब्याच्या पत्र्यांवर कोर, शाई भरून कागदावर उमटव. व्यंग मात्र एकही दिसता कामा नये."

राजाच्या मांत्रिकाने तिला कोरण्यासाठी काळ्या लोखंडाची सळई दिली. कुमुदाने वेशीची भेग गाळली, मनोऱ्याचा कल सरळ केला, नगरसभा निष्कलंक कोरली.

पहिला कागद उमटला, तशी वेशीवरचे पहारेकरी नाहीसे झाले. दुसरा उमटला, मनोऱ्यातले घंटावाले गेले. तिसऱ्यासरशी नगरसभेचे दार मिटले आणि आतल्या शंभर सभासदांचा आवाज थांबला.

पहारेकऱ्यांत कुमुदाचा नवरा सोमदत्त होता. तिने कागद डोळ्यांशी नेला. वेशीखाली तिळाएवढा सोमदत्त उभा होता. त्याचे ओठ हलत होते.

खिडकीत साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "बाई, ही सळई लपवलेल्या उणिवेच्या मोबदल्यात माणसे घेते. तिन्ही उणिवा कोर, सुटतील."

कुमुदाने भेग कोरली. सोमदत्त इतर पहारेकऱ्यांसह वेशीतून चालत आला, अंगाला शाईचा वास. "आत वारा नाही," एवढेच बोलला. तिने कल कोरला. घंटावाले खाली उतरले. नगरसभेत मात्र तिला उणीव सापडेना. तिने पायाच्या दगडाला कान लावला. आत छिन्न्या चालल्या होत्या.

ती राजाकडे गेली. "महाराज, नगरसभेच्या पायाखाली कोण आहे?"

राजाने मुकुट काढून बाजूला ठेवला. "मुहूर्त साधायला मी भिंत घाईने चढवली. ती कोसळली. सात गवंडी खाली राहिले. त्यांच्यावरच पाया भरला. घरच्यांना सांगितले, परमुलखी कामाला गेले."

"त्यांची नावे हवीत."

"परराज्ये काय म्हणतील?"

"आत शंभर माणसे आहेत, महाराज."

राजाने सातही नावे सांगितली, बापांच्या नावांसकट. एकदाही अडखळला नाही.

कुमुदाने ती पायावर कोरली. दार उघडले, सभासद डोळे चोळत बाहेर आले. छिन्न्या थांबल्या. सळई गंजून तिच्या बोटांतून गळली.

दूतांनी उणिवांसकट नव्याने उमटवलेले कागद परराज्यांत नेले. सात घरी मात्र राजा स्वतः गेला, अनवाणी.