बारीक फुली

"म्हणजे माणसं बघतात, पण थांबत नाहीत?" आक्कांनी विचारलं.

"थांबतात हो! दिवसाला दोन लाख माणसं थांबवतो मी." मोरेश्वर जरा तोऱ्यातच म्हणाला. इंटरनेटवरच्या जाहिराती करण्यात त्याचं मोठं नाव होतं. पण लगेच त्याचा आवाज उतरला. "एकच थांबत नाही."

कृष्णाकाठच्या त्या लहानशा मठात आक्का पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण?"

"माझी केतकी."

लेक घर सोडून गेली त्याला पाच वर्षं झाली होती. फोन नाही, पत्र नाही. तेव्हापासून जाहिरात साडीची असो की पंख्याची, मोरेश्वर तिच्यात कुठेतरी एक पिवळी छत्री काढायचा. लहानपणी केतकी उन्हातसुद्धा तसली छत्री घेऊन मिरवायची. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी पडद्यावर पोरीला ती दिसेल. ओळखेल. एक फोन करेल...

"आक्का, तिची नजर हलूच नये, असं काहीतरी सांगा."

"दाखव तुझं काम."

त्याने मोबाइल पुढे धरला. रंग लखलखत होते, अक्षरं उड्या मारत होती.

"आणि मला हे नको असेल तर?"

"वर कोपऱ्यात फुली आहे. ती दाबली की बंद."

"मला नाही बाबा दिसत."

"दिसू नये अशीच बारीक ठेवलीय," तो हसला. "सापडेपर्यंत माणूस बघत राहतो."

आक्का हसल्या नाहीत.

"केतकी का गेली रे?"

"बंगळूरला नोकरी लागली होती. जाऊ नये म्हणून मी तिची प्रमाणपत्रं कपाटात कुलपात ठेवली..."

"मग?"

"तशीच गेली."

आक्कांनी शेंगांची सुपली बाजूला सारली आणि एकदम त्याचं मनगट धरलं. घट्ट. त्या वाळक्या हातात एवढं बळ असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"माझ्याकडे बघ."

"आक्का, दुखतंय."

"बघ की."

"अहो, सोडा ना!"

"माझ्या कपाळावर काय आहे, सांग."

"मी... नाही पाहिलं." त्याचे डोळे त्यांच्या बोटांवरच होते. कुठलं बोट आधी सैल होईल, एवढंच तो बघत होता.

आक्कांनी हात सोडला. पुन्हा शेंगा घेतल्या.

मोरेश्वर मनगट चोळत राहिला. उठावं, पिशवी घ्यावी, निघावं...

उठला नाही.

बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली. आक्कांच्या कपाळावर हिरवं गोंदण होतं, फिकट झालेलं. त्याखाली डोळे. ते भरून आले होते. तो बघत राहिला.

"हात तर मी कधीच सोडला," आक्का हळूच म्हणाल्या. "दारही उघडं आहे. मग तू बसलास का, मोरेश्वरा?"